‘सद्गति’ : प्रेमचंदांची गोष्ट आणि राय यांचा चित्रपट

एखाद्या नामांकित कथेवरून चित्रपट निघाला की, मूळ कथा सरस की चित्रपट सरस, असा वाद हमखास सुरू होतो. तो वाद रंगतोही फार. परंतु त्यातून हाती लागते ते बहुधा इतकेच की, ज्याने आधी कथा वाचली त्याला कथा आवडलेली असते आणि ज्याने आधी चित्रपट पाहिला त्याला चित्रपट. आम्ही साहित्याचे पदवीधर नव्हे. आमचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर, मिळेल त्या पुस्तकातून. त्या वाचनाने आम्हांला एक खोड मात्र लावली आहे. गोष्टीत कोणी राबत असेल तर आम्ही आधी हे पाहतो की, काम कोणते, किती वेळ, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला काय. ह्याच नजरेने मुनशी प्रेमचंद यांची ‘सद्गति’ ही कथा आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला त्याच नावाचा चित्रपट, हे दोन्ही येथे शेजारी शेजारी ठेवावयाचे आहेत.

कथा १९३० च्या सुमाराची आहे आणि छोटी आहे. पाऊण तासात वाचून होते. उत्तरेकडील एका खेड्यातला दुखी हा चर्मकार. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी त्याला पंडित घासीरामांना घरी आणावयाचे आहे. घरात तयारी चालली आहे. पंडितजी बसणार कशावर? आपली खाट त्यांना चालणार नाही. ठाकुरांच्या घरून खाट मागावी, तर ते साधा विस्तव देत नाहीत, खाट कोठून देणार? मग मोहाच्या पानांची पत्रावळ करावयाची, शिधा त्या पत्रावळीवर मांडावयाचा, आणि तोही आपला हात लागू न देता, गोंडाच्या मुलीकडून दुकानातून आणवून. शिध्याची यादी दुखी बायकोला, झुरियाला, तोंडपाठ सांगतो : पीठ, तांदूळ, डाळ, तूप, मीठ, हळद आणि पत्रावळीच्या कडेला चार आणे. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून गवताचा मोठा भारा डोक्यावर घेऊन तो निघतो. सकाळपासून पोटात काही नाही.

पंडितजी येतो म्हणतात. परंतु तोपर्यंत दाराशी झाडून घे, बैठक शेणाने सारवून घे, भुसा आणून टाक आणि हा ओंडका फोडून ठेव. ओंडक्यात एक जबरदस्त गाठ आहे. दुखी गवत कापणारा माणूस, लाकूड फोडण्याची त्याच्या हाताला सवय नाही. कुऱ्हाड उसळून परत येते. दुपार होते, संध्याकाळ जवळ येते. शेवटी पंडितजी शेजारी उभे राहून जोर मार, अजून जोर मार म्हणतात. दुखी भान हरपून घाव घालीत सुटतो. ओंडका मधोमध फुटतो आणि त्याच क्षणी दुखी कोसळतो, तो पुन्हा उठत नाही. मग प्रेताचा प्रश्न. विहिरीची वाट त्याच्यावरून जाते. चर्मकारवाड्यातील एकही पुरुष प्रेत उचलावयास येत नाही. पहाटे पंडितजी स्वतः दोरीचा फास प्रेताच्या पायात अडकवून ते ओढीत गावाबाहेर नेतात, येऊन स्नान करतात, पाठ म्हणतात, घरात गंगाजल शिंपडतात. तिकडे शेतात कोल्हीकुत्री आणि गिधाडे आपले काम करतात.

कथेतील एक बारकावा आम्हांला ओळखीचा वाटला, तो साहित्याच्या अभ्यासकांना फारसा दिसत नाही. भुसा आणावयाचा आहे ती जागा दोन फर्लांगांहून कमी नाही. टोपले शिगोशीग भरले तर खेपा कमी पडतील. पण भरलेले टोपले डोक्यावर चढवावयास दुसरा माणूस लागतो आणि दुखी एकटा आहे. म्हणून तो थोडा थोडा भुसा भरून जास्त खेपा करतो, आणि चार वाजतात. ओझ्याखाली कधी मान दिलेल्या माणसाला, नाही तर अशा माणसाशेजारी बसून त्याचे ऐकलेल्याला, हे सुचते. गोदीतला, मार्केट यार्डातला कोणीही हमाल सांगेल की, उचलून देणारा नसेल तर दिवस दुप्पट लांबतो. प्रेमचंदांनी ह्या एका गोष्टीत दुखीचे एकटेपण आणि त्याचा दिवस कोठे गेला ह्याचा हिशेब, दोन्ही मांडले.

दुसरा हिशेब घरातल्या बाईचा आहे. दुखी चिलमीसाठी विस्तव मागावयास आत येतो म्हणून पंडितीण आधी संतापते आणि चिमट्याने निखारा लांबून फेकते; ठिणगी दुखीच्या डोक्यावर पडते. मग तिला दया येते. बिचारा सकाळपासून उपाशी आहे, काही खावयास द्यावे का? घरात दोनचार पोळ्या उरल्या आहेत. पण एवढ्याने ह्याचे काय होणार, ह्याला शेरभर तरी लागेल. पुन्हा चूल कोण पेटवणार, ह्या उन्हात कोण भाजत बसणार? आणि तो विषय तेथेच संपतो. दया आली होती, ती आळसाने गेली. मालक दुष्टच असला पाहिजे असे ज्या कार्यकर्त्यांना वाटते त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आमच्या अनुभवात पाण्याची सोय, विश्रांतीची खोली, जखमेवरची पट्टी ह्या मागण्या दुष्टपणामुळे जितक्या अडल्या त्यांहून जास्त ‘आता कोण करीत बसणार’ ह्यामुळे अडल्या.

आता चित्रपटाकडे येऊ. राय यांनी हिंदीत दोनच कथाचित्रे केली आणि दोन्ही प्रेमचंदांवरच : १९७७ चे ‘शतरंज के खिलाड़ी’ आणि हे. पहिल्यात त्यांनी बरेच वाढवले. मूळ कथेत जेमतेम डोकावणारा नबाब वाजिद अली शाह चित्रपटात पूर्ण माणूस होऊन आला, इंग्रज रेसिडेंट आला, आणि शेवटी एकमेकांना मारून मरणारे ते दोन बुद्धिबळपटू चित्रपटात जिवंत राहून इंग्रजी पद्धतीने नवा डाव मांडून बसले. ‘सद्गति’त असे काही नाही. पाऊण तासाच्या आसपासचा हा चित्रपट कथेची वाट सोडत नाही. संवादांसाठी प्रेमचंदांचे चिरंजीव अमृत राय यांचे साहाय्य घेतले होते. चित्रण आजच्या छत्तीसगडात, रायपूरच्या बाजूला झाले. दुखी ओम पुरी, झुरिया स्मिता पाटील, पंडित मोहन आगाशे, पंडितीण गीता सिद्धार्थ आणि चिखुरी गोंड भैयालाल हेडाऊ.

येथे मराठी प्रेक्षकासाठी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७२ साली तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले, त्यात नाना फडणवीस होते मोहन आगाशे. १९७६ साली काही तरुणांनी सहकारी तत्त्वावर त्याचा चित्रपट काढला, त्यातही नाना तेच आणि घाशीराम होते ओम पुरी. म्हणजे तेथे आगाशे यांच्या नानाने ओम पुरींच्या घाशीरामाला वापरून फेकून दिले. पाच वर्षांनी आगाशे स्वतःच घासीराम झाले, पण वापरून फेकला गेला तो पुन्हा ओम पुरीच. हा योगायोगच असेल. परंतु पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला ह्या दोघांना समोरासमोर पाहताना जुन्या ओळखीचे वजन जाणवल्याशिवाय राहत नाही.

प्रेमचंदांचा स्वतःचा चित्रपटाशी आलेला संबंधही येथे सांगण्याजोगा आहे. १९३४ साली, म्हणजे मुंबईच्या गिरणीकामगारांनी मोठा संप केला त्याच वर्षी, ते मुंबईला आले आणि अजंठा सिनेटोनसाठी मोहन भवनानी यांच्या ‘मजदूर’ ह्या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली. गिरणीमालक आणि कामगार हाच विषय. सेन्सॉरने तो चांगलाच अडवला. वर्षभरात प्रेमचंद कंटाळून परत गेले आणि १९३६ साली वारले. त्या चित्रपटाची प्रत आज सापडत नाही. कामगारांविषयी त्यांनी पडद्यासाठी जे लिहिले ते असे गेले, आणि एका वेठबिगाऱ्याविषयी कागदावर लिहिलेले, पन्नास वर्षांनी सरकारी दूरदर्शनवरूनच घरोघर पोचले.

कथा आणि चित्रपट ह्यांत आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला फरक एकच, आणि तो वरवर पाहता फार क्षुल्लक आहे. चित्रपटातला दुखी नुकताच तापातून उठलेला आहे. कथेत ताप नाही. कथेतला दुखी उपाशी आहे, बाकी धडधाकट आहे.

राय यांनी ताप का घातला असावा हे समजण्यासारखे आहे. पडद्यावर ओम पुरींचे शरीर दिसते. आडव्या हाडाचा माणूस एका दिवसाच्या कामाने मरतो हे प्रेक्षकाला पटणार नाही, अशी शंका दिग्दर्शकाला आली असेल. शिवाय बायकोच्या काळजीला त्याने कारण मिळते, आणि पंडिताने साधी विचारपूसही केली नाही, हे जास्त टोचते. चित्रकर्त्याच्या बाजूने पाहिले तर हे बरोबर आहे.

आमच्या बाजूने पाहिले तर नाही. कामावर माणूस मेला की, त्याच्या वारसांची नुकसानभरपाई ज्याने एकदा तरी लढवली आहे त्याला हे लगेच कळेल. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याखाली मृत्यू कामातून आणि कामाच्या ओघात झाला हे दाखवावे लागत असे. आणि मालकाच्या वकिलाचे पहिले वाक्य ठरलेले असते : मयत आधीपासून आजारी होता. दवाखान्याचा जुना कागद, खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी, काहीही पुढे येते. एका प्रकरणात तर आठ महिन्यांपूर्वीच्या तापासाठी घेतलेली एका दिवसाची रजा आमच्यापुढे ठेवण्यात आली होती. तेव्हा राय यांनी दुखीला ताप दिला, त्यात पंडित घासीरामांच्या वकिलाला एक कागद मिळाला, असे आम्हांला वाटते. प्रेमचंदांनी तो दिला नव्हता. त्यांच्या कथेत मरणाची कारणे दोनच उरतात : भूक आणि काम.

मात्र दुसऱ्या एका ठिकाणी चित्रपट कथेच्या पुढे जातो. शेवटचे घाव घालताना कथेतला दुखी जणू कोणा अदृश्य शक्तीने झपाटलेला आहे. तो उन्माद आहे, राग नव्हे. चित्रपटात ओम पुरींच्या चेहऱ्यावर जे येते त्याला आम्ही राग म्हणू. घावागणिक तो वाढत जातो. तो पंडितावर असावयास हवा. पडतो आहे ओंडक्यावर. हे शब्दांत सांगितले असते तर प्रचारकी वाटले असते. पडद्यावर एक अक्षर न उच्चारता कळते.

ह्याच्या उलट, प्रेमचंदांची उपहासाची धार चित्रपटात उतरत नाही, उतरण्यासारखीही नाही. पंडितजींचा सकाळचा कार्यक्रम कथेत असा सांगितला आहे की, ईश्वरसेवेची सुरुवात भांग घोटण्याने होते आणि आरशापुढे गंध लावण्यात बराच वेळ जातो. तेथे लेखक हसतो आहे, आणि त्याच्याबरोबर आपण हसतो. शेवटही त्याच सुरात, ह्या माणसाला जन्मभराच्या भक्तीचे आणि सेवेचे काय फळ मिळाले ते सांगून होतो. ‘सद्गति’ ह्या नावातच तो टोमणा आहे. राय यांनी निवेदक ठेवला नाही. आगाशे यांचा पंडित हास्यास्पद नाही. तो स्वतःला सज्जन समजणारा, घरचा कारभार पाहणारा साधा गृहस्थ आहे. म्हणून तो अधिक भयंकर वाटतो असे कोणी म्हणतात. आम्हांला दोन्ही हवेत. हसल्याने भीती जाते, आणि खेड्यातल्या माणसाला आधी भीतीच घालवावयाची असते.

आता नकाराविषयी. चिखुरी गोंड हा कथेतला एकमेव माणूस जो हिशेब मोठ्याने बोलतो. दुखीला तो सुनावतो की, जमीनदारसुद्धा काही खावयास घालतो, सरकारी अंमलदार वेठ घेतो तोही थोडीफार मजुरी देतो, हे तर त्यांच्याही वर निघाले. दुखी मेल्यावर हाच गोंड चर्मकारवाड्यात जाऊन बजावतो की, प्रेत उचलू नका, पोलिसांची चौकशी व्हावयाची आहे. मग पंडितजी येतात, धमकावतात, समजावतात, विनवतात. एकही पुरुष हलत नाही. प्रेमचंद स्पष्ट लिहितात की, त्यांच्या मनात पोलिसांची दहशत बसली होती. आम्ही ते वाक्य खोटे ठरवीत नाही. परंतु ज्यांनी पहिले संप पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, पहिला नकार क्वचितच नकाराच्या नावाने येतो. सबंध खाते एकाच दिवशी पोटदुखीची रजा टाकते. विचारले तर प्रत्येक जण पोट धरून दाखवतो. पोटदुखीही खरी असते आणि संपही खरा असतो. चित्रपटात मनातले सांगणारा लेखक नसल्यामुळे ती गप्प माणसे नुसती दिसतात, आणि त्या गप्प राहण्यात भीती किती आणि निर्धार किती हे पाहणाऱ्यावर सोडलेले आहे. हा चित्रपटाचा मोठाच लाभ आहे.

नकाराचे काम कोणते हेही पाहावे. मेलेली गुरे ओढून नेणे हे गावगाड्याने ज्या जातींवर लादले, त्यांत ही जात होती. तिने ओढावयाचे नाकारले, तेव्हा दोरी पंडिताच्या हाती आली. राय यांनी हे अंगावर येईल असे दाखवले आहे. पंडित प्रेताला हात लावीत नाही. काठीने पाय उचलतो, फास सरकवतो, आणि पावसाने भिजलेल्या वाटेने ओढीत नेतो तो जेथे मेलेल्या जनावरांची हाडे पडली आहेत अशा जागी. महाराष्ट्रात ह्या कामाविरुद्धची चळवळ कथेच्या आधीची आहे. १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा निर्धार करावयास लावला; १९२८ साली महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीसाठी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. गावाने वाटेल तेव्हा हाक मारावी आणि ह्यांनी धावावे, ही ती वेठ. कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती १९५८ साली.

कोणी म्हणेल, दुखीला कोणी मारले का, बांधले का? तो आपल्या पायांनी आला. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात हा चित्रपट दाखवला तेव्हा एका तरुण सुरक्षारक्षकाने नेमके हेच विचारले. प्रश्न चांगला होता. संविधानाच्या २३ व्या कलमात बेगार हा शब्दच घालून ती निषिद्ध केली आहे. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. १९८२ साली, म्हणजे चित्रपटाच्या दुसऱ्याच वर्षी, एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जबरदस्ती म्हणजे केवळ दांडका नव्हे; भूक आणि गरिबी ह्यांपुढे दुसरा मार्ग न उरल्याने माणूस किमान वेतनापेक्षा कमी घेऊन राबतो, तीही सक्तीची मजुरीच. हा निकाल दुखीला लागू पडतो का? पुरता नाही. दुखी भुकेपोटी आला नव्हता. तो मुहूर्तासाठी आला होता. पंडित चिडला तर मुहूर्त वाईट निघेल आणि मुलीचे वाटोळे होईल, ही त्याची सक्ती होती. निखारा डोक्यावर पडल्यावरही, ब्राह्मणाचे घर विटाळल्याची ही शिक्षा, असे त्याला मनापासून वाटते. कथा हे त्याच्या मनात शिरून सांगते. चित्रपटाला ते चेहऱ्यावरून दाखवावे लागते, आणि तेथे चित्रपट थोडा कमी पडतो. त्या सुरक्षारक्षकाला प्रश्न पडला तो त्यामुळेच. आम्ही त्याला कथा वाचावयास दिली.

झुरियाविषयी मात्र कथेपेक्षा चित्रपटाकडे जावे. कथेत तिचा आक्रोश आहे, पण रडणाऱ्या दहापाच बायकांत ती मिसळून जाते आणि पंडितिणीला त्या आवाजाचा त्रास होतो, एवढीच त्याची नोंद राहते. चित्रपटात ती पावसात एकटी पंडिताच्या दाराशी येते. दार बंद आहे. स्मिता पाटील दारावर पडून जे विचारते ते विनवणीही आहे आणि जाबही आहे : असे काय काम करावयास लावलेत? आत माणसे जागी आहेत आणि दार उघडत नाही. अभ्यासवर्गात त्या ठिकाणी सफाई खात्यातल्या बायका उठून बाहेर गेल्या आणि थोड्या वेळाने परत येऊन बसल्या. नंतर त्यांपैकी एकीने विचारले की, त्या पोरीच्या सोयरिकीचे पुढे काय झाले. कथेत ते नाही आणि चित्रपटातही नाही. पंडितजी त्या दिवशी दुखीच्या घरी गेलेच नाहीत, म्हणजे मुहूर्त निघालेला नाही. शिधा पत्रावळीवर मांडलेला असेल, आणि चार आणेही.